तयारीचा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो?

प्रति,
नॅशनल पीपल्स काँग्रेसचे (चीनच्या संसदेचे) सर्व प्रतिनिधी,
ग्रेट हॉल ऑफ द पीपल, बीजिंग.

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मी राजकारणाचा अभ्यासक नाही, हक्कबिक्क बघणाऱ्या कुठल्या संस्थेतही नाही. तुमच्या देशात चारदा आलो, चारही वेळा धंद्यासाठी. पण परक्या घरात बोलण्याआधी ओळख काढायची आमच्याकडे रीत आहे, म्हणून सांगतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. तुम्ही त्यांना के दिहुआ म्हणता. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक तुमच्याकडे आलं, त्यातले ते एक. बाकीचे परत आले, हे तिथेच राहिले, तुमच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी हेबेईत वारले. वय बत्तीस. इथं भैय्या चौकात त्यांचं घर स्मारक म्हणून जपलंय.

या ओळखीच्या जोरावर एक गोष्ट विचारायची आहे.

२०१८ च्या नोव्हेंबरात मी शाओशिंगजवळच्या केचियाओला गेलो होतो. माग बघायचे होते, सुताचे भाव काढायचे होते. सोबत दुभाषी म्हणून एक तिशीतली बाई होती. हुशार, आमच्या घासाघिशीला पुरून उरणारी. तिसऱ्या दिवशी जेवताना मी सहज विचारलं, "बाई, तुम्हाला आपला पंतप्रधान आपण निवडावा असं कधी वाटत नाही?" ती हसली आणि म्हणाली, "आमच्या लोकांची सुझी अजून तेवढी नाही." सुझी म्हणजे माणसाची प्रत, दर्जा. आमच्या भाषेत सरळ सांगायचं तर लायकी. हे बोलताना ती ना घाबरली होती, ना तिने इकडेतिकडे पाहिलं. शाळेत पाठ केलेला पाढा म्हणावा तसं म्हणाली.

आणि पुढचा अर्धा तास ती तिच्या इमारतींच्या सोसायटीबद्दल बोलत होती. पार्किंगचे पैसे वाढवले होते, लिफ्ट बंद पडत होत्या, देखभाल करणारी कंपनी दाद देत नव्हती. म्हणून रहिवाशांनी घरमालकांची समिती निवडून कंपनी बदलायची ठरवलं. तुमचा तेव्हाचा, २००७ चा मालमत्ता कायदा अशा ठरावाला दुहेरी बहुमत मागत होता. फ्लॅटमालकांच्या डोक्यांचंही बहुमत हवं आणि त्यांच्या फ्लॅटच्या चौरस मीटरांचंही. फाटकाजवळ घडीचं टेबल, त्यावर चहाचा थर्मास, शाईचं पॅड आणि निवृत्त शिक्षक असलेले एक आजोबा वही घेऊन बसलेले. परगावी राहणाऱ्या मालकांना फोन करकरून त्यांची मतं मागवली. मोजणीच्या रात्री ही बाई स्वतः मोजायला होती. तिने मोबाईलवरचे फोटो दाखवले. मतपत्रिकांचे गठ्ठे रबर लावून ओळीने मांडलेले.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत काय होतं ते मी तिला सांगितलं नाही. गणसंख्या पूर्ण होत नाही, सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि मग त्याच जागी त्याच सात माणसांत सगळे ठराव एकमताने मंजूर होतात. सांगितलं असतं तर सुझीची बाजू उलटली असती.

तर प्रतिनिधी महोदय, माझा प्रश्न असा की ही बाई तयार नाही, हे तिला कोणी शिकवलं?

तुमच्या पक्षाने तर मुळात हे शिकवलं नव्हतं. १९४० च्या आसपास चोंगचिंगमध्ये च्यांग काय-शेक यांच्या कुओमिंतांग पक्षाचं सरकार होतं. लोक अजून अडाणी आहेत, आधी त्यांना पक्षाच्या हाताखाली घडवू, मग घटना आणि निवडणुका, असं त्यांचं म्हणणं. त्याला ते राजकीय शिकवणीचा काळ म्हणत. तेव्हा त्याच शहरात निघणारं तुमच्या पक्षाचं वृत्तपत्र शिन्हुआ डेली लिहीत होतं की लोकांची पातळी कमी आहे ही सबब आहे, लोकशाही वापरूनच लोक लोकशाही शिकतात. ते अंक तुमच्या ग्रंथालयांत असतीलच. काढून वाचा, नाहीतर एखादा उतारा आज नाव न टाकता इंटरनेटवर चढवा आणि किती वेळ टिकतो ते बघा.

आणि हे नुसतं लिहिण्यापुरतंही नव्हतं. ज्या उत्तरेच्या डोंगराळ भागात कोटणीस जखमींवर शस्त्रक्रिया करत होते, त्याच तुमच्या ताब्यातल्या प्रदेशांत निवडणुका होत होत्या. मतदारांतल्या बहुतेकांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. मग उमेदवार ओळीने पाठमोरे बसायचे, प्रत्येकाच्या मागे एक वाडगा, आणि शेतकरी येऊन पसंतीच्या वाडग्यात घेवड्याचा एक दाणा टाकायचा. कुठे नावांच्या कागदावर पेटत्या उदबत्तीने भोक पाडायचं. दाण्यांनी मत देणाऱ्या त्या शेतकऱ्यांना तुमच्या पक्षाने लायक ठरवलं होतं. २०२० च्या तुमच्या जनगणनेत निरक्षर तीन टक्केही उरले नाहीत. नातवाच्या हातात पदवी आहे, हातातला दाणा मात्र गेला.

दाणा एकदा परत आला होता, हे खरं. १९८० मध्ये ग्वांगशीतल्या हेझाई गावात कम्यूनची, म्हणजे सामूहिक शेतीची, घडी विस्कटल्यावर गावाला वाली उरला नव्हता. चोऱ्या वाढल्या, बांधाची भांडणं वाढली. लोकांनी वरून हुकूम यायची वाट न बघता जमून आपली समिती मतदानाने निवडली. पुढे त्यावरून देशभर गावसमित्यांचा कायदा झाला, १९८७ मध्ये प्रायोगिक, १९९८ मध्ये कायमचा. हा कायदा ज्यांनी रेटला ते पेंग झेन तेव्हा तुमच्याच स्थायी समितीचे अध्यक्ष होते. त्यांचा हिशेब साधा होता. लोक गाव चालवायला शिकले की तालुक्याच्या खालचं टाउनशिप चालवतील, ते जमलं की तालुका. त्यांनी शिडीच उभी करून दिली होती.

लोक शिडी चढलेही. १९९८ च्या शेवटच्या दिवशी सिच्वानमधल्या बुयुन टाउनशिपच्या लोकांनी आपला प्रमुख थेट मतदानाने निवडला. आभाळ कोसळलं नाही. पण हे घटनेत बसत नाही असं ठरलं आणि दुसरी पायरी तिथेच काढून घेतली गेली. २०११ मध्ये ग्वांगडोंगमधल्या वुकानच्या लोकांनी, जमिनी परस्पर विकल्या म्हणून, गावातल्या पुढाऱ्यांना पिटाळून लावलं. गावाचा एक प्रतिनिधी पोलीस कोठडीत मेला. तरी त्यांनी अखेर काय मागितलं? मतपेटी. मार्च २०१२ मध्ये शाळेच्या आवारात रांगा लागल्या आणि सहा हजारांवर मतं घेऊन लिन झुलुआन गावप्रमुख झाले. चार वर्षांनी जमिनींसाठी पुन्हा मोर्चा काढायचं ठरवल्यावर तेच लिन लाचखोरीच्या आरोपाखाली आत गेले. आता गावसमितीची मुदत तीनवरून पाच वर्षं झालीय आणि पक्षाचा सचिव हाच गावप्रमुख असावा असं धोरण आहे. म्हणजे पहिली पायरीही कापत आणलीय. शिडी काढून घ्यायची आणि वर कोणी चढत नाही म्हणून हळहळायचं, याला आमच्याकडे चांगला शब्द नाही.

तुमच्यासारख्याच एका प्रतिनिधीचं सांगतो, पातळी खालची असली तरी. शू झियोंग. कायद्याचे प्राध्यापक. २००३ मध्ये बीजिंगच्या हायडियन जिल्ह्याच्या पीपल्स काँग्रेसवर अपक्ष म्हणून निवडून आले, २००६ मध्ये पुन्हा. लोकांनी दोनदा मतं दिली. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यांना चौदा वर्षांची शिक्षा झाली. त्यांचे मतदार तयार नव्हते असं कोण म्हणेल?

मघाशी एका डॉक्टरचं नाव घेतलं, आता दुसऱ्याचं घेतो. ली वेनलियांग. वूहानमधले डोळ्यांचे डॉक्टर, हेही तुमच्या पक्षाचे सभासद. ३० डिसेंबर २०१९ ला त्यांनी वर्गमित्रांच्या ग्रुपवर नव्या आजाराबद्दल सावध केलं. ३ जानेवारीला पोलिसांनी बोलावून समज दिली. तो कागद नंतर जगाने पाहिला. त्यावर दोन छापील प्रश्न. हे करायचं थांबवू शकाल का? खाली हाताने लिहिलेलं उत्तर, हो. समजलं का? समजलं. प्रत्येक उत्तरावर लाल अंगठा. ७ फेब्रुवारीला ते गेले, त्याच आजाराने. त्याआधी आजारी असताना त्यांनी मुलाखतीत सांगितलं की निरोगी समाजात एकच आवाज असू नये. ते गेले त्या रात्री तुमच्या वेइबो या सोशल मीडियावर लाखो लोक बोलण्याचं स्वातंत्र्य मागत होते. सकाळपर्यंत ते पुसलं गेलं. मार्चमध्ये पोलिसांनी समज मागे घेतली, घरच्यांची माफी मागितली, एप्रिलमध्ये त्यांना हुतात्मा ठरवलं. हे तुमच्या श्रेयाचं आहे, नाकारत नाही. पण ज्या वाक्यासाठी तो हुतात्मा झाला ते वाक्य मात्र अजून नजरकैदेतच आहे.

त्यांच्या शेवटच्या पोस्टखाली लोक अजून लिहितात. आज पाऊस पडला, डॉक्टर. मुलीची परीक्षा झाली, डॉक्टर. नोकरी गेली. अशा गोष्टी माणूस घरातल्या वडीलधाऱ्याला सांगतो. ज्या समाजाला बोलायला एवढीच जागा उरली आणि तिथेही तो शिवीगाळ न करता बोलतो, त्याच्याकडे लायकीचा कुठला दाखला मागायचा?

आता आमच्या गावचं. १९३० च्या मे महिन्यात गांधींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलं. गोळीबार झाला, पोलीस हटले आणि काही दिवस या शहरात इंग्रजांचं राज्य उरलंच नाही. गिरणीकामगारांचं गाव, निम्म्याहून अधिक निरक्षर. पण स्वयंसेवकांनी गाव सांभाळलं, रहदारीसुद्धा. मग मार्शल लॉ आला. चार जणांना जानेवारी १९३१ मध्ये येरवड्यात फाशी दिली. त्यांच्या नावाच्या चौकातून मी रोज कारखान्यात जातो. इंग्रजांच्या लेखी ते दिवस म्हणजे जमावाचा धुडगूस, स्वराज्याला नालायक असल्याचा पुरावा.

१९८९ च्या मे महिन्यात बीजिंगच्या चौकांत रहदारी कोण वळवत होतं, हे तुमच्यातल्या साठी ओलांडलेल्यांना आठवत असेल. विद्यार्थी. तिथेही मार्शल लॉ आला. पुढचं मी लिहीत नाही, तुम्हाला ते वाचायची परवानगी नसेल.

तुमच्या बाजूचं एक म्हणणं मला मनापासून पटतं, ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. दुभाषीबाईचे वडील जेवायला आले होते. माओंच्या सांस्कृतिक क्रांतीत त्यांच्या मास्तरांना मुलांनी गळ्यात पाटी अडकवून फिरवलं होतं. ते म्हणाले, "आम्ही गर्दीचं राज्य पाहिलंय, आता नको." यावर मी काय बोलणार? ज्याने ते भोगलं त्याला शांततेची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळते. चाळीस वर्षांत त्या माणसाने सायकलपासून बुलेट ट्रेनपर्यंतचा प्रवास केला, तो तुमच्यावर खूश आहे, आणि त्याचं खूश असणं खोटं नाही. शहरातल्या कितीतरी लोकांना तर खेड्यातल्यांच्या मताची भीतीच वाटते. सगळ्यांना मत मिळालं तर आपल्या मुलांच्या शाळेतल्या जागा जातील, असा हिशेब असतो. आमच्याकडेही बंगल्यात राहणारे झोपडपट्टीच्या मतांबद्दल असंच बोलतात, फक्त चहा पिताना.

पण नंतर परतीच्या विमानात माझ्या डोक्यात आलं की मास्तरांच्या गळ्यातली ती पाटी स्वातंत्र्य जास्त झालं म्हणून आली नव्हती. एक माणूस सर्वांच्या वर होता, त्याने शीळ घातली आणि त्याला खाली उतरवायची सोय कुणाकडेच नव्हती, म्हणून आली. हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही, तुमच्याच थोरांनी ते ओळखलं होतं. १९८२ च्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला दोनच मुदती, ही मर्यादा त्या अनुभवातून आली. आठवलं का? याच्याकडे पुन्हा येतो.

आम्ही भारतीय काही नमुना म्हणून समोर उभे राहत नाही. १९५१-५२ ला पहिली निवडणूक झाली तेव्हा शंभरातले अठराच साक्षर होते. अठ्ठावीस लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्या अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगत होत्या. ही तयारी म्हणायची का? पुढे १९७५ ला आणीबाणी आली, आणि १९७७ ला याच अर्धनिरक्षर लोकांनी ती मतपेटीतून उलथली. नंतरही आम्ही गुंड निवडून दिले, जात बघून दिले, पाकीट घेऊन दिले. सोलापूर महापालिकेत २०२२ पासून काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचं राज्य होतं, आणि पाणी तेव्हाही चार-पाच दिवसांआड येत होतं. फरक एवढाच की सोलापूरकर निवडणुकीला तयार नाहीत, असं म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही. कोर्टकचेरीची कारणं सांगावी लागली.

आमच्याकडे आगरकर आणि टिळकांचा एक जुना वाद आहे, मराठी माणसाला शाळेतच कळतो. आधी समाज सुधारायचा की आधी स्वराज्य मिळवायचं? मी बराचसा आगरकरांच्या बाजूचा. समाज सडका असेल तर स्वराज्यातही सडकंच उगवेल, हे त्यांचं बरोबर होतं. पण समाज सुधारेपर्यंत आम्ही बसतो, असं जेव्हा राज्यकर्ता म्हणतो, तेव्हा त्या वादाचा अर्थच बदलतो. आगरकर स्वतःच्या समाजाला बोलत होते, आणि त्यापायी जिवंतपणी आपली प्रेतयात्रा बघत होते. तुमचं तसं नाही. परीक्षा घेणारे तुम्ही, पेपर तुमचा, निकालाची तारीखही तुमचीच.

तारीख एकदा दिली होती म्हणा. एप्रिल १९८७ मध्ये डेंग शियाओपिंग हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याचा मसुदा करणाऱ्यांशी बोलले. लोकसंख्या शंभर कोटी, शिक्षण कमी, म्हणून थेट निवडणुका आता नाहीत, पुढच्या शतकातली पन्नास वर्षं गेल्यावर घेता येतील. म्हणजे २०५० च्या सुमारास. उधारी लांबची असली तरी वहीवर तारीख होती. आता ती वहीच कोणी उघडत नाही.

त्याच १९८७ च्या जुलैमध्ये तैवानमध्ये अडतीस वर्षांचा मार्शल लॉ उठला. तिथले लोक आमचेच, एकच रक्त, असं तुम्ही दर मार्चच्या अधिवेशनात सांगता. मग तुमच्याच शब्दांनुसार चिनी माणूस १९९६ पासून आपला राष्ट्राध्यक्ष निवडतोय, आणि त्या पहिल्या खेपेला तुमच्या क्षेपणास्त्रांच्या चाचण्या चालू असताना त्याने निवडला. २००० पासून पुढच्या सोळा वर्षांत तीनदा त्याने सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे दिली. त्यांच्या संसदेत कधीकधी खुर्च्या चालतात, हे मी पाहिलंय, गंमत वाटते. पण मतमोजणीनंतर हरलेला घरी जातो. आणि हाँगकाँग? नोव्हेंबर २०१९ मध्ये जिल्हा परिषदांसाठी एकाहत्तर टक्के मतदान झालं. नियम बदलून उमेदवारांची चाळणी लावल्यावर, २०२३ मध्ये, साडेसत्तावीस टक्के. चार वर्षांत त्या लोकांची सुझी उतरली असं तर तुम्ही म्हणणार नाही.

म्हणून मला खरं कुतूहल लोकांच्या तयारीचं नाहीच, तुमच्या तयारीचं आहे. आणि इथेही तुमच्या सभागृहाचा इतिहास वाटतो त्याहून बरा आहे. ३ एप्रिल १९९२ ला तीन घळींच्या (थ्री गॉर्जेस) धरणाचा ठराव आला. पंतप्रधानांचा लाडका प्रकल्प. १७६७ बाजूने, १७७ विरोधात, ६६४ तटस्थ, २५ जणांनी बटणच दाबलं नाही. म्हणजे दर तीन जणांतल्या एकाने मान हलवली नाही. धरण झालं, देश बुडाला नाही, पक्षही बुडाला नाही. तुमच्यासारखीच माणसं होती ती, त्याच खुर्च्यांवर.

११ मार्च २०१८ ला त्याच सभागृहात दोन मुदतींची ती मर्यादा काढून टाकायचा ठराव आला. २९५८ बाजूने. तटस्थ तीन, बाद एक. विरोधात दोन. १० मार्च २०२३ ला राष्ट्राध्यक्ष तिसऱ्यांदा निवडले गेले. २९५२ बाजूने, विरोधात कोणी नाही.

तर हे पत्र पत्त्यावर सगळ्यांच्या नावे असलं तरी खरं तर त्या दोघांसाठी आहे. तुम्ही कोण, कुठल्या प्रांताचे, मला माहीत नाही, कळायलाही नको. तुम्ही कागदावर खूण केली असेल तेव्हा हात थरथरला असेल. मोजणीत दोन हा आकडा मोठ्याने वाचला गेला तेव्हा समोर बघत बसला असाल. तुमच्यातल्या एकाला दुसऱ्याचा पत्ता लागला का, एवढंच विचारायचं होतं. लागला असेल तर कधी दोघं मिळून सोलापूरला या. भैय्या चौकातलं घर मी स्वतः दाखवीन.

आपला,
सोलापूरचा एक टॉवेलवाला